इथं टिचकी मारा

त्या वर्षांत मला कुणी विचारलं, काय काम करता, तर मी सांगायचे, लिंका लावते. शेजारच्या काकूंना बरेच दिवस वाटत होतं की मी वधूवर सूचक मंडळात आहे. एकदा त्यांनी भाचीचा बायोडेटाच आणून दिला, फोटोसकट. मला नाही म्हणवेना. तो मी पर्समध्ये ठेवला आणि पुढं दोन महिने ती भाची माझ्याबरोबर रोज उस्मानपुऱ्याला जाऊन येत राहिली.

उस्मानपुऱ्यात साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, चार कॉम्प्युटर, एक माठ. मालकांना आम्ही सर म्हणायचो. त्यांनी मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकवणारा ऑनलाइन कोर्स काढला होता आणि तालुक्याच्या गावांतली मुलंमुली तो फोनवर शिकायची. मी मराठीची एम. ए., शिवाय कॉम्प्युटर क्लासात चार वर्षं शिकवलेलं, म्हणून धडे लिहायचं काम माझ्याकडं आलं. पण मुलं धडा अर्ध्यात टाकून पसार व्हायची. सर म्हणाले, “मॅडम, हर धडे के नीचे लिंक डालो. जिथं मदत मिळेल तिथली. पोरं अडली की तिकडं जातील, समजून घेतील, परत येतील.” सर एका वाक्यात दोन भाषा बोलायचे आणि दोन्हींत गोड बोलायचे.

मला ते काम फार आवडलं. पावसानं पाठ फिरवल्याचं ते सलग दुसरं वर्ष होतं. दुपारी बाहेर नुसता पांढरा उजेड असायचा, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. खालून पिकोच्या मशीनचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. लूपच्या धड्यासाठी एखादं पान शोधायला म्हणून मी निघायचे, त्या पानावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, आणि भानावर यायचे तेव्हा कुठल्यातरी दूरच्या देशातल्या मास्तरांनी लिहिलेलं टिपण वाचत बसलेली असायचे. डोळ्यांवर झापड, हातात गार झालेला चहा. आपण उस्मानपुऱ्यात आहोत हे आठवायला क्षणभर लागायचं. कामाच्या वेळात असं भटकायला मिळावं आणि वर त्याचा पगारही मिळावा, हे सुख मी कुणाला सांगितलं नाही.

आता माझा ताठा सांगते. बाकीच्या कोर्सांत लिहायचे, ‘येथे क्लिक करा’. मला ते ‘येथे’ पाहुण्यासारखं वाटायचं, इस्त्रीचे कपडे घालून दारात उभं राहिलेलं. आमच्याकडं ‘इथं’ म्हणतात. माझं माहेर सोयगावचं, सासर इथलंच, जन्मभर मी ‘इथं’च ऐकलं. तेव्हा मी प्रत्येक धड्याखाली लिहिलं, ‘अधिक समजून घेण्यासाठी इथं टिचकी मारा’. त्यातला ‘इथं’ तेवढा निळा, त्यालाच लिंक. काही धड्यांखाली असे आठ-आठ, नऊ-नऊ निळे ‘इथं’ एकाखाली एक बसलेले असायचे. मी खुर्ची मागं सरकवून त्यांच्याकडं बघायचे आणि मला भरून यायचं. मराठवाड्याची बोली इंटरनेटवर मीच नेऊन ठेवली, असं काहीसं.

मग एका दुपारी ऑफिसचा फोन वाजला. मुलीचा आवाज होता.

“मॅडम, ते इथम कोन हाय?”

“कोण?”

“इथम. सगळ्या धड्यांत हाय. कोर्स बनवनाऱ्याचं नाव हाय का?”

मला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. ती म्हणाली, “थांबा, ऐकवते,” आणि तिनं तो फोन दुसऱ्या फोनजवळ धरला. एका बाईचा कोरा, हिंदी वळणाचा आवाज आला: “इथम, लिंक. इथम, लिंक. इथम, लिंक.” असं नऊ वेळा.

मग तिनं सांगितलं. तिला दिसत नव्हतं. तिचा फोन पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचा. मराठी आवाज त्यात नव्हता, म्हणून हिंदी बाई वाचायची, आणि तिला आमचा अनुस्वार ठाऊक नव्हता. ‘इथं’चं ती ‘इथम’ करायची, ‘केलं’चं ‘केलम’. आख्खा धडा पुन्हा पुन्हा ऐकायला वेळ जातो, म्हणून मुलगी फोनला नुसत्या लिंका म्हणायला सांगायची आणि त्यांतली हवी ती निवडायची. पण निवडायचं काय? नऊ इथम.

“अहो, पण पूर्ण वाक्य ऐका ना,” मी म्हणाले. “आणि निळ्या अक्षरांत आहेत त्या, तसं वर लिहिलंय मी.” बोलून झाल्यावर जीभ चावली.

ती रागावली नाही. “निळं मला आठवतं मॅडम,” ती म्हणाली. “फोनला आठवत नाय.”

वैजापूर तालुक्यातल्या एका गावात तिचं घर. मेंढरं राखणारी माणसं. सातवीत असताना तिची नजर कडेकडेनं आकसू लागली आणि बारावीपर्यंत मिटली. आमचा कोर्स करून जी मुलं परीक्षा पास होतील, त्यांतल्या मुलींना शहरातल्या एका वसतिगृहात राहून पुढचं शिक्षण फुकट मिळणार होतं. तिला ती जागा हवी होती. गावाकडचा चारा संपत आला होता. तो संपला की घराला कुलूप लावून सगळे मेंढरांमागं गंगथडीला जाणार होते. गोदावरीला आमच्याकडं गंगा म्हणतात, तिच्या काठाला गंगथडी.

“तुम्ही पण जाणार?” मी विचारलं.

“न जाऊन काय? मागं एकटीला कोन ठेवनार? तिकडं मी दिसभर चुलीपाशी बसून ऱ्हाते. कुनी ऊठ म्हनलं की उठते.” मग म्हणाली, “मला नाय बसायचं मॅडम.”

मी ‘बघते’ म्हणून फोन ठेवला आणि मला तिचाच राग आला. खोटं कशाला बोलू? एवढ्या हौसेनं लावलेल्या लिंका, सगळी पोरं खूश, आणि एकीसाठी सगळं उकरायचं. शिवाय ‘इथम’! माझ्या लाडक्या शब्दाचं असं नाक कापलेलं मला सहन होईना.

आम्ही तेव्हा बीड बायपासच्या पलीकडं नव्या वसाहतीत राहायला गेलो होतो. शहर त्या बाजूला भराभर पसरत होतं. आज ज्वारीचं धसकट, महिन्याभरात चुन्याच्या रेघा, मग घरं. घरं झाली, पण गल्ल्यांना नावं कुणी दिली नव्हती आणि नळाला पाणी नव्हतं. आठवड्यातून दोनदा टँकर मागवायचा. त्या दिवशी संध्याकाळी टँकरवाल्याचा फोन आला, “मॅडम, मी वळलो, आता कुठं?”

“इथंच,” मी गच्चीवरून ओरडले. “इथं, सरळ या!”

“इथं म्हंजे कुठं?”

“अहो इथं! मला तुमचा टँकर दिसतोय.”

“तुमाला टँकर दिसतोय. मला तुमी कुठं दिसताय?” असं म्हणून तो पलीकडच्या गल्लीत शिरला आणि आमचं पाणी दुसऱ्याच कुणाच्या दारात जाऊन उभं राहिलं. तिथल्या बाईंनी हंडे आधीच मांडून ठेवले होते. मी चप्पल न घालता धावले. परत येताना तळपाय भाजत होते आणि डोकं मात्र थंड झालं होतं. टँकरवाला आणि ती मुलगी यांचं आधी ठरलं असावं, असा संशयही येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मीच तिला फोन केला. म्हटलं, “मी ‘येथे’ करते. ते तुमची बाई नीट वाचेल.”

“मंग नऊ इथमच्या जागी नऊ येथे व्हतील,” ती म्हणाली. “मॅडम, आमचा बाप मेंढराला कधी ‘ए’ म्हनून हाक मारत नाय. दोनशे मेंढरं हायेत. ‘ए’ म्हनलं तर दोनशेच्या दोनशे बघतील, नाय तर एक बी नाय बघनार. ही बांडी, ती भुंडी, ती काळतोंडी. नाव घेतलं की कळतं, अंगावर ठिपके हायेत, शिंगं नायेत, का तोंड काळं हाय. मला बी दिसत नसून कळतं.”

मी कागद ओढून घेतला आणि लिहिलं: बांडी, भुंडी, काळतोंडी. तो कागद पुढं तीन आठवडे माझ्या कॉम्प्युटरला चिकटवलेला होता. सरांनी एकदा वाचला, माझ्याकडं बघितलं आणि माठातलं पाणी पिऊन निघून गेले.

मी प्रत्येक लिंकेला नाव द्यायला बसले. ‘इथं’ गेलं आणि तिथं आलं, ‘लूप कसा थांबवावा, हिंदी व्हिडिओ, बारा मिनिटे’. ‘फंक्शनची सोपी उदाहरणे, मराठी पान’. ‘चुकांची यादी, इंग्रजी, नव्या खिडकीत उघडेल’. एक मोठी फाइल होती, तिच्यापुढं लिहिलं की ही उतरवायला नेट फार खाईल. हे लिहिताना कळलं की मला स्वतःलाच काही लिंकांचं नाव सुचत नव्हतं, कारण त्या का लावल्या तेच आठवत नव्हतं. दुपारच्या गुंगीत मला आवडल्या म्हणून मी त्या लावलेल्या. त्यांत ते दूरदेशीच्या मास्तरांचं टिपणही होतं. अशा सगळ्या काढून टाकल्या. काही उघडतच नव्हत्या, त्याही गेल्या. आणि त्या हिंदी बाईसाठी नावांमधल्या शब्दांच्या शेवटचे अनुस्वार मी माझ्या हातानं उतरवले, ‘उदाहरणं’चं ‘उदाहरणे’ केलं, पन्नासदा केलं. दुखलं, पण केलं.

रोज दुपारी ती फोन करायची आणि आम्ही एकेक धडा तपासायचो. ती ऐकायची, मी ऐकायचे. माझ्याकडून पिकोचं मशीन तिला ऐकू जायचं, तिच्याकडून मेंढरांच्या गळ्यातली घंटा मला. मधे नुसती ती हिंदी बाई माझी नावं वाचत असायची, संथपणे, एकामागून एक. मला ती दुपार कुठल्याच गावची वाटायची नाही. ऑफिसच्या खिडकीतून दिसणारा पांढरा उजेड आणि तिच्या अंगणातला, तो एकच असणार, असं वाटायचं. केव्हातरी ती मला मॅडमऐवजी ताई म्हणू लागली आणि मी तिला अगं-तुगं.

तिची आई मधूनच बोलायची. फोनमधली बाई ‘टिचकी मारा’ म्हणाली की आई विचारायची, “कुनाला टिचकी मारायला सांगती गं ही सारखी?” एकदा तिनं गंमत म्हणून लेकीच्याच कपाळावर टिचकी मारली. मला तो टणकन आवाज फोनवर ऐकू आला, आणि पाठोपाठ दोघींचं हसणं.

सगळे धडे झाले तेव्हा मी तिला म्हटलं, “आता तू डोळे मि—” आणि थांबले. तीच म्हणाली, “आता मी डोळे मिटून जाते ताई.” म्हटलं, “हो. आता नुसती नावं ऐकत उड्या मारत जा. वाक्यं ऐकत बसू नको. परीक्षेला वेळ कमी असतो.” हे मी सांगितलं. मीच सांगितलं.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज अगदी साधा होता.

“ताई, शेवटच्या पानावर दोन इथम व्हते.”

परीक्षेचं पान मी पुन्हा उघडलंच नव्हतं. मदतीच्या लिंका धड्याला लागतात, परीक्षेत मदत कशाला, म्हणून ते तसंच राहिलं होतं, माझ्याच हातानं सुरुवातीला लिहिलेलं: ‘उत्तरं जमा करण्यासाठी इथं टिचकी मारा’, आणि त्याखाली ‘सगळं पुसून पुन्हा सुरुवात करण्यासाठी इथं टिचकी मारा’. तिनं मी सांगितल्यासारख्या उड्या मारल्या. एक इथम, दुसरं इथम. वेळ संपत आला होता.

“मी दुसऱ्या इथमला गेले,” ती म्हणाली. “सगळं पुसलं.” मग उलट तिनंच माझी समजूत काढली, “जाऊ द्या ताई. चारा बी संपलाय. परवा निघायचंय.”

मी रडले. ऑफिसात, सगळ्यांसमोर. मग तोंड धुतलं आणि सरांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, तिची परीक्षा पुन्हा घ्या. सर म्हणाले, “मॅडम, एकदाच देता येते, नियम तुम्हीच लिहिलाय. सोमवारी वसतिगृहाला नावं द्यायचीत. आज एकीला दिली तर उद्या पन्नास येतील. कायकू मुझे फसाते?”

“चूक तिची नाही. चूक माझी आहे,” मी म्हणाले. “लिहून देते.”

आणि लिहून दिलं. एम. ए. झाल्यापासून इतकं सोपं मराठी मी लिहिलं नव्हतं. मी दोन लिंकांना एकच नाव ठेवलं. तिला त्यांतला फरक कळणं शक्य नव्हतं. मला दिसत होतं म्हणून मला कळलं नाही. खाली सही. नोकरी गेली तरी चालेल असं वाटत होतं. खरं तर चाललं नसतं. सरांनी कागद दोनदा वाचला, घडी केली, खिशात ठेवला. “एक शर्त,” ते म्हणाले. “ऑफिसचं माणूस समोर बसलं पाहिजे. रविवारी तुम्ही जा.”

तोवर त्यांची मेंढरं जायकवाडीच्या फुगवट्याला पोचली होती. मी बस बदलली, पुढं काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसले, शेवटी चालले. धरणाचं पाणी दूर मागं हटलं होतं, आणि जिथवर ते पूर्वी होतं तिथवर जमीन उघडी पडून तिच्यावर बारीक हिरवं गवत आलं होतं. दोन वर्षांत मी एवढं हिरवं पाहिलं नव्हतं. धरणाच्या तळातून आपण चालतोय, डोक्यावर खरं तर पाणी असायला हवं, असं सारखं वाटत होतं. पावलांचा आवाज येत नव्हता. लांबवर मेंढरं पसरलेली, आणि एका बाभळीखाली तीन दगडांची चूल, तिच्याशेजारी एक मुलगी आणि तिची आई. मुलगी माझ्या कल्पनेपेक्षा उंच होती. आईनं मला आधी पाणी दिलं, मग नाव-गाव विचारलं.

तिथं फोनला बऱ्यापैकी रेंज होती. ती मांडी घालून बसली, मी समोर, आई बाजूला भाकरीचं पीठ चाळत. ती हिंदी बाई प्रश्न वाचू लागली. मुलगी तोंडातल्या तोंडात पुटपुटायची आणि बोटं चालवायची. मी एक अक्षर बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून मी गवत उपटत बसले. ऊन कलत गेलं. मेंढरं जवळ आली, पुन्हा लांब गेली.

मग शेवटचं पान आलं. ते मी चारदा तपासलं होतं. बाई स्वच्छ म्हणाली, “उत्तरे जमा करा, बटन.” आता तिथं चुकायला दुसरं काही नव्हतं.

मुलीचं बोट फोनवर थांबलं.

“दाबू का?” ती म्हणाली.

माझ्यानं राहवलं नाही. “दाब की!” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. “तुमाला नाय इचारलं ताई.” तिचा चेहरा पिठाच्या चाळणीच्या आवाजाकडं वळला होता. “आई, दाबू का गं?”

चाळणी थांबली. त्या बाईला लूप माहीत नव्हता, लिंक माहीत नव्हती. पण ते बटन दाबलं की काय होईल हे आम्हा तिघींत तिलाच पक्कं माहीत होतं. तिनं लेकीकडं पाहिलं. लेकीला ते दिसणार नव्हतं, म्हणून तिनं हवं तेवढा वेळ पाहून घेतलं. मग पिठाचा हात पदराला पुसला.

“दाब,” ती म्हणाली. “मी हाय हितं मेंढरांपाशी.”

मुलीनं बटन दाबलं. बाई म्हणाली, “उत्तरे जमा झाली.”

“जमा म्हंजे?” आईनं मला विचारलं. “जानार का आता ही?”

मी म्हणाले, “निकाल लागायचाय अजून. पण पास होईल ती. हो, गेलीच समजा.”

“गेली काय म्हनता बाई?” आई एकदम तीव्र आवाजात म्हणाली. “लेकराला गेली म्हनत्यात व्हय? येते म्हना.”

जन्मभर शब्दांवर पोट भरलेली मी, मान खाली घालून म्हणाले, “येते.”

मुलगी हसली. आई नाही हसली. तिनं चाळणी पुन्हा हातात घेतली.